दिवसाला दोनच तळघरे : लांगेच्या टेकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

इटलीच्या वायव्येकडील पिडमाँट प्रांतात, आल्बा शहराच्या भोवती पसरलेल्या लांगे नावाच्या टेकड्यांचा या सदरात मागे ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहता तेवढ्या उल्लेखावर वाचकांचे समाधान होणार नाही, हे स्पष्ट झाले. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन नामांकित वाइन जिथे तयार होतात, तोच हा मुलूख. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत. इटलीच्या प्रवासातले पाच दिवस लांगेसाठी राखून ठेवले आहेत. मुक्काम कुठे करावा, कोणत्या महिन्यात जावे आणि एवढ्या दिवसांत बारोलो, बार्बारेस्को, ब्रा, कानेल्ली हे सगळे पाहून होईल का?

उत्तर : नकाशा समोर ठेवला की सहज होईल असे वाटते. आल्बाहून बारोलो गाव पंधराएक किलोमीटरवर आहे आणि बार्बारेस्को त्याहूनही जवळ आहे. मात्र इथले रस्ते टेकड्यांच्या धारेवरून वळसे घेत जातात, दर दोन वळणांनंतर गाडी थांबवून खाली पाहावेसे वाटते आणि दुपारच्या जेवणाला दोन तास लागतात. माझ्या पहिल्या प्रवासात मी उत्साहाच्या भरात एका दिवसात तीन वायनरींची वेळ घेतली होती. पहिल्या दोन ठिकाणचे सारे काही आजही आठवते. तिसऱ्या ठिकाणी आपण काय चाखले, हे मात्र वहीत लिहिलेले वाचूनही आठवत नाही, कारण वहीतले अक्षरच लागत नाही. तेव्हापासून दिवसाला दोनच तळघरे, एक सकाळी आणि एक दुपारच्या जेवणानंतर उशिरा, हा नियम मी पाळत आले आहे आणि तुम्हीही तो पाळावा असे सुचवते.

पाच दिवसांपैकी दोन बारोलोच्या बाजूला द्या, म्हणजे बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते ही गावे निवांतपणे होतील. एक दिवस बार्बारेस्को आणि नेइवे या जोडगावांसाठी ठेवा. एक दिवस आल्बा आणि ब्रा या शहरांना द्या. आल्ब्याचा मोठा बाजार शनिवारी भरतो, त्यामुळे शक्य झाल्यास हा दिवस शनिवार असावा. पाचवा दिवस मी तरी मोकळाच ठेवीन. फेसाळत्या वाइनची विशेष आवड असेल तरच तो कानेल्लीला द्यावा. १८६५ मध्ये कार्लो गांचा यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने इटलीतील पहिली फेसाळती वाइन केली ती कानेल्लीत, आणि गावाखाली खोदलेली तिथली लांबलचक तळघरे ‘भूमिगत कॅथेड्रल’ म्हणून ओळखली जातात.

मुक्कामाचा निर्णय एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे तुम्ही गाडी चालवणार की नाही. गाडी नसेल तर आल्ब्यातच राहा. ट्युरिनहून ब्रामार्गे आल्ब्याला रेल्वे येते आणि तासाभरात किंवा त्याहून थोड्या अधिक वेळात पोहोचवते. संध्याकाळी जेवून पायी परत येता येते, ही सोय या वयात कमी समजू नये. गाडी असेल तर गावाबाहेरच्या एखाद्या आग्रितुरिस्मोत, म्हणजे शेतकरी कुटुंबाने आपल्या शेतावरच चालवलेल्या अतिथिगृहात उतरावे. तिथे खिडकी उघडली की समोर द्राक्षांच्या ओळी दिसतात.

महिन्यांविषयी बोलायचे तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा इथला मानाचा काळ आहे आणि गर्दीचा व महागाईचाही तोच आहे. त्या वेळी द्राक्षांची पाने तांबूस-पिवळी होतात, ट्रफल या जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक कवकाचा हंगाम सुरू होतो आणि सकाळी दऱ्यांत धुके साचून टेकड्यांवरची गावे बेटांसारखी वर उरतात. केवळ वाइन आणि चालणे हाच हेतू असेल तर मे आणि जून अधिक सुखाचे. १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अनेक कुटुंबे दारे लावून सुटीवर जातात आणि जानेवारीत बरीच उपाहारगृहे बंद असतात, तेव्हा हे दोन्ही काळ टाळलेले बरे.

प्रश्न : वाइनमधले मला काहीच कळत नाही. अशा माणसाने तळघरात जाऊन काय विचारावे आणि कसे वागावे? अडाणी ठरण्याची भीती वाटते.

उत्तर : भीती बाळगण्याचे कारण नाही. इथल्या बहुतेक वायनरी कुटुंबांच्या आहेत, आणि तुम्हाला पिंपे दाखवणारी व्यक्ती पुष्कळदा तीच असते जी सकाळी ट्रॅक्टरवर होती. तिला तुमच्या ज्ञानापेक्षा तुमच्या वक्तशीरपणात अधिक रस असतो. आधी ई-मेल पाठवून वेळ ठरवा, किती माणसे येणार ते कळवा आणि उशीर होत असेल तर फोन करा. चाखण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी असते. काही घरे बाटल्या विकत घेतल्यास ते माफ करतात, पण ते गृहीत धरू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी चालू असताना कुणी नकार दिला, तर त्याचा राग मानू नये.

जाण्यापूर्वी एका द्राक्षाची ओळख करून घ्या, म्हणजे निम्मे काम झाले. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइन नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून होतात आणि त्यांत दुसरे कोणतेही द्राक्ष मिसळण्याची परवानगी नाही. धुक्याला इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणतात आणि द्राक्षाचे नाव त्यावरून आले असे बरेच जण मानतात, कारण हे द्राक्ष सर्वांत उशिरा, धुके उतरू लागल्यावर ऑक्टोबरात तोडणीला येते. मात्र त्याला कोंब सर्वांआधी फुटतात. एवढा लांब काळ ऊन लागत असल्याने त्याला टेकडीची दक्षिणेकडे तोंड असलेली उतरणच द्यावी लागते. अशा उन्हाच्या उतरणीला स्थानिक बोलीत ‘सोरी’ म्हणतात आणि टेकडीच्या माथ्याला ‘ब्रिक’. हिवाळ्यात जिथला बर्फ आधी वितळतो तिथे नेब्बिओलो लावावे, हा इथला जुना ठोकताळा. बाटल्यांच्या लेबलांवर हे दोन्ही शब्द तुम्हाला सारखे दिसतील.

आता प्रत्यक्ष पेल्याकडे वळू. प्रथम यजमान रिकाम्या पेल्यात थोडीशी वाइन ओततील, पेला फिरवून त्याच्या आतल्या बाजूला ती सगळीकडे लावतील आणि टाकून देतील. याला ‘आव्विनारे’ म्हणतात. पेल्याला लागलेला पाण्याचा, फडक्याचा किंवा कपाटाचा वास जावा म्हणून हे करतात, तेव्हा ती वाइन वाया गेली म्हणून हळहळू नका. मग तुमच्यासाठी ओतली जाईल तिचा रंग पाहून बहुतेक नवख्यांचा विरस होतो. एवढी नावाजलेली वाइन गडद जांभळी असेल अशी अपेक्षा असते आणि समोर येते ती फिकट माणिकरंगी, जुनी असल्यास कडेला विटकरी छटा असलेली. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर खालची अक्षरे वाचता येतील इतकी ती पारदर्शक असते. रंगाने गरीब दिसणारी ही वाइन तोंडात गेल्यावर मात्र हिरड्या आवळून धरते. बराच वेळ मुरू दिलेल्या कोऱ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ कोरडी होते, तसा हा तुरटपणा असतो आणि त्याच्या जोडीला धारदार आंबटपणा असतो. वासाला सुकलेला गुलाब आणि डांबर या दोन उपमा इथे इतक्या वेळा ऐकायला मिळतात, की प्रथम त्यांचे हसू येते. काही वेळ पेला हातात धरून बसल्यावर मात्र दोन्ही खरोखर जाणवू लागतात.

हा तुरटपणा मवाळ व्हावा म्हणूनच कायद्याने मुरवणीचा काळ ठरवून दिलेला आहे. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांतील १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. बार्बारेस्कोसाठी हेच आकडे २६ आणि ९ आहेत. बाटलीवर ‘रिझेर्वा’ लिहायचे असेल तर बारोलोला ६२ आणि बार्बारेस्कोला ५० महिने थांबावे लागते. २०२१ च्या हंगामाची बारोलो १ जानेवारी २०२५ पूर्वी विकता येत नव्हती, यावरून इथल्या शेतकऱ्याचे भांडवल किती काळ अंधारात पडून असते याची कल्पना येईल.

विचारायला एक उत्तम प्रश्न सांगते : ‘तुमची जमीन टेकडीच्या कोणत्या बाजूला आहे?’ बारोलो वाइनच्या मुलखातील पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि खुद्द बारोलो या गावांभोवतीच्या मातीत तयार होणारी वाइन तुलनेने सुवासिक व लवकर पिण्याजोगी होते, तर पूर्वेकडील सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेची वाइन टणक असते आणि तिला बाटलीत अधिक वर्षे द्यावी लागतात. हा ढोबळ नियम आहे आणि प्रत्येक शेतकरी त्याला आपापला अपवाद सांगेल, पण गप्पा तिथूनच रंगतात. दुसरा प्रश्न पिंपांविषयीचा. काही घरे हजारो लिटरची मोठी जुनी पिंपे वापरतात, काही २२५ लिटरची लहान फ्रेंच पिंपे. १९८० च्या दशकात यावरून इथे घराघरांत बाप-लेकांचे वाद झाले. एका तरुण उत्पादकाने तर वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली, ही हकिकत या भागात अजूनही सांगितली जाते. आज दोन्ही पक्ष बरेच जवळ आले आहेत, तरी विषय काढून पाहायला हरकत नाही.

शेवटचा मुद्दा थुंकण्याचा. चारचौघांत थुंकणे आपल्या अंगवळणी नाही, त्यामुळे समोर थुंकीचे भांडे ठेवलेले पाहून आपण अवघडतो आणि शिष्टाचार म्हणून प्रत्येक पेला गिळून टाकतो. त्या भांड्याचा वापर करण्यात कसलाही असभ्यपणा नाही. उलट यजमान तुम्हाला जाणकार समजतील.

वेळ न ठरवता चाखायचे असेल तर गावांच्या सामाईक वाइनशाळा, म्हणजे ‘एनोतेका’, सर्वांत सोयीच्या. बारोलोत ती फाल्लेत्ती घराण्याच्या किल्ल्याच्या तळघरात आहे, ला मोर्रात ‘कान्तिना कोमुनाले’ नावाने चालते, आणि बार्बारेस्कोत सान दोनातो या पूर्वीच्या चर्चमध्ये आहे. त्या चर्चमध्ये, उंच छताखाली, जिथे एकेकाळी प्रार्थना होत असे तिथे आता बाटल्या मांडलेल्या आहेत. बार्बारेस्कोला गेलात तर तिथल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेची वाइन अवश्य चाखा. १९५८ मध्ये गावच्या पाद्र्याने १९ छोट्या शेतकऱ्यांना एकत्र आणून ती संस्था उभी केली, कारण स्वतःच्या नावाने वाइन विकण्याची ऐपत कुणातच नव्हती आणि तरुण पोरे गाव सोडून जात होती. आज त्या संस्थेच्या एकेका टेकडीच्या नावाच्या बाटल्या जगभर जातात, आणि मोठ्या नावांच्या तुलनेत किमतीही माणसाला झेपतील अशा आहेत.

प्रश्न : जेवणात नेमके काय मागवावे? नावे वाचून काही बोध होत नाही आणि चुकीचे काही मागवले तर पैसे वाया जातील असे वाटते. ठिकाणेही सुचवावीत.

उत्तर : लांगेच्या जेवणाची खरी गंमत सुरुवातीच्या ताटल्यांत आहे. एकामागून एक तीन-चार ‘आन्तिपास्ती’ येतात, आणि नवखा माणूस तेवढ्यावरच पोट भरून बसतो. त्यांतला ‘वितेल्लो तोन्नातो’ म्हणजे शिजवून गार केलेल्या वासराच्या मांसाच्या पातळ चकत्या आणि त्यांवर ट्यूना माशाची मऊ चटणी. मांस आणि मासा एकाच ताटलीत पाहून मन कचरते, तरी एक घास घेऊन पाहावा. ‘कार्ने क्रूदा’ हे सुरीने बारीक कापलेले कच्चे मांस असते. ते ज्याला चालेल त्यानेच मागवावे, पण ते कच्चे असते हे माहीत असावे म्हणून सांगितले.

त्यानंतर पास्ता. ‘तायारिन’ या अगदी बारीक शेवयांसारख्या पट्ट्या. त्यांत एका किलो पिठाला तीस ते चाळीस अंड्यांचे बलक घालतात, म्हणून त्यांचा रंग गडद पिवळा असतो. दुसरा प्रकार ‘आन्योलोत्ती देल प्लिन’. ‘प्लिन’ म्हणजे चिमटा. पातळ लाटलेल्या पिठावर भाजलेल्या मांसाच्या सारणाचे ठिपके ठेवतात, पीठ दुमडतात आणि दोन ठिपक्यांमध्ये बोटांनी चिमटा काढून कातण्याने कापतात. जुन्या पद्धतीच्या ओस्तेरियात, म्हणजे साध्या खाणावळीत, हे कधी कधी कोणत्याही रश्शाशिवाय, उकडून थेट स्वच्छ पांढऱ्या नॅपकिनात गुंडाळून आणतात. नॅपकिन उघडला की वाफेचा लोट येतो आणि मग एकेक बोटाने उचलून खायचे. पीठ आणि सारण यांच्या चवीत लपवायला काहीच उरत नाही, त्यामुळे स्वयंपाकघराची परीक्षा घ्यायची असेल तर हेच मागवावे.

पुढे बारोलोत तासन् तास शिजवलेले गोमांस ‘ब्राझातो’ येते, आणि शेवटी ‘बोनेत’, म्हणजे कोको आणि बदामी बिस्किटांचा चुरा घातलेले अंड्या-दुधाचे गडद पुडिंग. सगळ्या पदार्थांबरोबर बारोलोच प्यावी असा हट्ट नको. गावकरी स्वतः दुपारी दोल्चेत्तो किंवा बार्बेरा या इथल्याच साध्या लाल वाइन पितात. सुरुवातीच्या ताटल्यांशी दोल्चेत्तो आणि प्लिनशी बार्बेरा अधिक जुळते, आणि खिशालाही हलकी पडते.

ठिकाणांचे म्हणाल तर आल्ब्याच्या कॅथेड्रलच्या चौकात शेफ एन्रीको क्रिप्पा यांचे ‘पियात्सा दुओमो’ हे तीन मिशेलिन तारे मिळवलेले उपाहारगृह वरच्या मजल्यावर आहे आणि खालीच ‘ला पियोला’ हे साधे भोजनालय आहे. पहिल्यासाठी अनेक आठवडे आधी जागा राखावी लागते आणि खिसाही तितकाच जड असावा लागतो. माझ्या मते लांगे समजून घ्यायला दुसरे पुरेसे आहे. ब्रा गावात ‘बोक्कोन्दिविनो’ ही ओस्तेरिया ज्या वाड्याच्या चौकात आहे, त्याच वाड्यात स्लो फूड चळवळीचे मुख्यालय आहे. ब्राचे कार्लो पेत्रीनी यांनी उभी केलेली ती चळवळ झटपट खाण्याच्या विरोधातली. जवळच्या पोल्लेन्त्सो गावात २००४ पासून त्याच विचाराने चालणारे खाद्यविज्ञानाचे विद्यापीठही आहे, आणि त्याच वास्तूत इटलीभरच्या वाइन जतन करणारी ‘वाइन बँक’ आहे.

एक व्यावहारिक सूचना. स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेबारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतरच चालू असते. अनेक ठिकाणे मंगळवारी किंवा बुधवारी बंद असतात. एका मंगळवारी भर दुपारी मी मोन्फोर्तेच्या चढावर तीन बंद दारे वाजवून अखेर बेकरीतल्या ग्रिस्सिनी काड्यांवर भूक भागवली होती. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर ती फसवणूक समजू नका. पाव आणि टेबलाचा तो रिवाजाचा आकार आहे.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. माझे तिथे काय होईल?

उत्तर : खरे सांगायचे तर थोडी ओढाताण होईल, उपासमार होणार नाही. इथला स्वयंपाक वासराचे मांस, अंडी आणि लोणी यांवर उभा आहे आणि भाजीच्या पदार्थांतही मासा लपलेला असतो. ‘बान्या काउदा’ हे त्याचे ठळक उदाहरण. भाज्या बुडवून खाण्याची ही गरम चटणी लसूण, तेल आणि खारवलेल्या अँकोव्ही माशांची असते, पण मेनूवर तिच्या शेजारी ढोबळ्या मिरच्या आणि कोबीची चित्रे पाहून आपली फसगत होते. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने, सेन्त्सा उओवा’, म्हणजे मांस, मासे, मांसाचा रस्सा आणि अंडी नकोत, हे चार तुकडे पाठ करून ठेवा. त्यांतला रश्शाचा तुकडा विसरू नका, कारण रिझोत्तो हा मऊ भात बहुधा मांसाच्या रश्शातच शिजवतात आणि ‘यात मांस नाही’ असे वाढपी प्रामाणिकपणे सांगतो. तायारिन आणि प्लिन दोन्हींच्या पिठात अंडे असते. न्योक्की या बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांत कधी असते, कधी नसते, म्हणून विचारून घ्यावे. पान्ना कोत्तात अंडे नसले तरी जिलेटिन असते.

चीजविषयी काटेकोर असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. पार्मिजानो आणि ग्राना पादानो ही किसून घालण्याची चीजे वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरूनच करतात, आणि ती पास्त्यावर न विचारता भुरभुरली जातात.

यावर मार्ग म्हणजे आग्रितुरिस्मोत उतरणे आणि आदल्या दिवशी सांगून ठेवणे. घरच्या बागेतल्या भाज्या, भाजलेल्या कार्माञोलाच्या ढोबळ्या मिरच्या, टोमॅटोचा साधा पास्ता, पाव आणि ‘कोञ्या’ यांवर उत्तम जेवण होते. ‘कोञ्या’ हा द्राक्षाचा रस, नाशपाती, क्विन्स आणि हेझलनट एकत्र आटवून केलेला गोड-आंबट मुरांबा, आणि तो चुकवू नये असा आहे. भाजलेले हेझलनट तर रस्त्यारस्त्यावर मिळतात.

प्रश्न : ट्रफलवर एवढा खर्च करावा का?

उत्तर : एकदा करावा, आणि साध्यात साध्या पदार्थावर करावा. आल्ब्याचा पांढरा ट्रफल शिजवत नाहीत. तळलेल्या अंड्यावर किंवा लोण्यातल्या तायारिनवर तो टेबलापाशीच पातळ किसतात. त्याची किंमत ग्रॅमवर असते. चांगल्या ठिकाणी वाढपी किसण्यापूर्वी आणि किसल्यानंतर ट्रफल छोट्या काट्यावर ठेवून तुमच्यासमोर वजन करतो. तसे केले नाही तर आधी भाव आणि अंदाजे वजन विचारून घ्या, त्यात संकोच नको. आल्ब्याचा आंतरराष्ट्रीय पांढरा ट्रफल मेळा ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी भरतो. तिथे विक्रीला येणारा माल तज्ज्ञ तपासतात, त्यामुळे खात्रीने घेता येतो. पर्यटकांच्या दुकानांतल्या ट्रफल तेलाच्या बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. त्यांतल्या बहुतेकांचा वास प्रयोगशाळेतून आलेला असतो.

कुत्र्याबरोबर ट्रफल शोधायला नेणारे लोक पाहुण्यांसाठी फेऱ्या आयोजित करतात. त्यांत सापडणारा ट्रफल आधीच पुरून ठेवलेला असण्याची शक्यता धरूनच जावे. कुत्र्याचे काम तरीही बघण्यासारखे असते. नाक जमिनीला लावून तो सरळ रेषेत धावत येतो, अचानक थबकतो आणि पंजांनी उकरू लागतो. तेव्हा मालक त्याला खाऊ देऊन बाजूला करतो आणि पुढचे हलक्या हाताने स्वतः खणतो, कारण एका ओरखड्याने मालाचा भाव पडतो.

प्रश्न : माझे पती वाइन पीत नाहीत आणि मुलगी बारा वर्षांची आहे. त्यांचा वेळ कसा जाईल?

उत्तर : तुमच्यापेक्षा चांगला जाईल, कारण त्यांना टेकडी चढताना धाप लागणार नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या द्राक्षबागांच्या भूदृश्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती पेल्यातल्या वाइनला नव्हे. या गावांना जोडणाऱ्या पायवाटा द्राक्षांच्या ओळींमधूनच जातात. बारोलोहून ला मोर्राच्या चढाला दम लागतो, म्हणून उलट, ला मोर्राहून खाली उतरावे. ला मोर्राच्या चौकातल्या सज्ज्यावरून स्वच्छ दिवशी पलीकडे आल्प्सची बर्फाची रांग दिसते. वाटेत ब्रुनाते नावाच्या द्राक्षबागेत एक चिमुकले देऊळवजा चॅपेल लागते. शेतमजुरांना गारपिटीत आसरा म्हणून बांधलेली ही वास्तू पुढे मोडकळीस आली होती, आणि १९९९ मध्ये सोल लेविट यांनी बाहेरून व डेव्हिड ट्रेमलेट यांनी आतून, या दोन चित्रकारांनी, तिला भडक रंग दिले. लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांची ही वास्तू हिरव्या उतरणीवर अशी उभी आहे की मुलीला तिथून हलवणे कठीण जाईल. ला मोर्राजवळच्या मोन्फाल्लेत्तो टेकडीवर १८५६ मध्ये एका लग्नाच्या निमित्ताने लावलेला लेबनॉनचा देवदार आहे, तो दूरवरूनही ओळखू येतो.

बारोलोच्या किल्ल्यातले वाइन संग्रहालय मुलांनाही आवडते. त्यात वरच्या मजल्यावरून सुरुवात करून खाली खाली उतरत जायचे असते आणि दालने एखाद्या नाटकाच्या नेपथ्यासारखी मांडलेली आहेत. सेर्रालुंगाचा चौदाव्या शतकातला उभट किल्ला मार्गदर्शकासह पाहता येतो. ग्रिन्त्साने कावूरचा किल्ला मात्र इतिहासाची आवड असेल तर आधी घ्यावा, कारण संयुक्त इटलीचे पहिले पंतप्रधान कामिल्लो कावूर तरुणपणी या खेड्याचे महापौर होते आणि इथली शेती व वाइन सुधारण्यात त्यांनी लक्ष घातले होते. मुलीसाठी आणखी एक आकर्षण म्हणजे टेकड्यांवरची राक्षसी आकाराची रंगीत बाके. अमेरिकन डिझायनर क्रिस बँगल यांनी २०१० मध्ये क्लावेसाना इथे पहिले बाक उभारले आणि नंतर त्यांची साथच पसरली. मोठा माणूसही त्यावर चढून बसला की पाय लोंबकळतात.

हेझलनटच्या चॉकलेटची गोष्टही तिला सांगा. युद्धानंतर कोको दुर्मीळ होता आणि लांगेत हेझलनट मुबलक होते, तेव्हा १९४६ मध्ये आल्ब्यातल्या फेर्रेरो कुटुंबाने दोन्हींचा मेळ घालून वडी केली. १९६४ मध्ये त्याच घरातून नुतेल्ला बाजारात आले.

प्रश्न : गाडी भाड्याने घेतली तर दोन पेले घेऊन चालवता येईल का? सगळेच तसे करतात असे ऐकले.

उत्तर : करू नका. इटलीत रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, ज्यांचा परवाना तीन वर्षांपेक्षा नवा आहे त्यांच्यासाठी ती शून्य आहे, आणि ०.८ ग्रॅमच्या पुढे तो फौजदारी गुन्हा ठरतो. बारोलोत अनेकदा १४ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो. रस्ते अरुंद आणि ऑक्टोबरात धुक्याचे. चौघांत एक जण थुंकणारा ठरवा, किंवा दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्या. टॅक्सी रस्त्यात हात करून मिळत नाही, आदल्या दिवशी ठरवावी लागते. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना बाळगा, आणि जुन्या शहरांच्या तोंडाशी ‘झेड टी एल’, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेशाचा भाग, अशी पाटी दिसली तर आत गाडी घालू नका. कॅमेऱ्याने टिपलेला दंड कित्येक महिन्यांनी घरी पोहोचतो.

प्रश्न : बाटल्या विकत कुठे घ्याव्यात आणि आणाव्यात कशा?

उत्तर : जिथे चाखली तिथेच घ्यावी, कारण ती कोणत्या उतरणीवरची आहे ते लक्षात राहते. खर्च आवरायचा असेल तर त्याच घरची ‘लांगे नेब्बिओलो’ घ्या. ती बऱ्याचदा त्याच बागांतल्या तरुण वेलींची असते आणि बारोलोच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. जेवणानंतर घेण्यासाठी ‘बारोलो किनातो’ची एक लहान बाटली ठेवून द्या. सिंकोनाची साल आणि मसाले घातलेली ही कडवट-गोड वाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेर्रालुंगाच्या एका औषधविक्रेत्याच्या हातून नावारूपाला आली, आणि इथले म्हातारे सर्दीवर अजूनही ती गरम करून घेतात. एका दुकानातली खरेदी ७० युरोंच्या वर गेली तर मूल्यवर्धित कराच्या परताव्याचा अर्ज तिथेच भरून घ्या आणि युरोपातून बाहेर पडताना विमानतळावर त्यावर शिक्का मारून घ्या. बाटल्या हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत. फुगवलेल्या प्लास्टिकच्या आवरणात त्या बंद करून मोठ्या बॅगेच्या मधोमध, कपड्यांत ठेवाव्यात. घरी पोहोचल्यावर बारोलो लगेच उघडू नका. दोन आठवडे अंधारात आडवी ठेवा, पिण्याच्या आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल, आणि जेवणाच्या दोन तास आधी बूच काढा.